रक्त द्यायला आलात? आधी १५ मिनिटं बसा

सकाळी लॅबचं शटर वर जातं तेव्हा यावल-रावेरकडची माणसं दारात आलेली असतात. एसटीत उभ्याने प्रवास, स्टँडपासून पायपीट, त्यात उपाशीपोटी. नंबर लागला की बाही वर, हात पुढे. पहिली चूक इथेच होते.

उभं राहिलं की रक्तातलं पाणी पायाकडच्या बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपतं. लाल पेशी, प्रथिनं, कोलेस्टेरॉल मात्र आतच राहतं. वरण आटावं तसं: डाळ तेवढीच, पण घट्ट. त्यामुळे हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), कोलेस्टेरॉल, कॅल्शियम झोपलेल्यापेक्षा उभ्या माणसात जास्त दिसतं, कधी १० टक्क्यांच्या आसपास. हा बदल १० मिनिटांत होतो. आडवं झाल्यावर पाणी परतायला अर्धा तासही लागतो. साखर, सोडियमला फारसा फरक पडत नाही, तेव्हा वाढलेल्या शुगरचं खापर एसटीवर फोडू नका!

एका मावशींचं हिमोग्लोबिन आमच्याकडे ११.२ आलं. रात्री त्या दवाखान्यात भरती झाल्या, सकाळी खाटेवरच रक्त घेतलं, तर १०.३. सलाइन नव्हतं, रक्तस्राव नव्हता. मुलगा दोन्ही कागद घेऊन तणतणत आला, "भाऊ, एक रातमा रगत कोठे गयं?" रक्त कुठेच गेलं नव्हतं. पण चूक माझीही होती, आदल्या दिवशी गर्दीत मी त्यांना बसवलंच नव्हतं.

म्हणून आल्या आल्या नंबर लावा आणि १५ मिनिटं खुर्चीत बसा, पायावर पाय न टाकता. मे महिन्यात जळगावच्या उन्हात तर घोटभर पाणीही प्या. उपाशीपोटी म्हणजे पाण्याविना नव्हे (डॉक्टरांनी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी).

शीर सापडावी म्हणून मूठ सारखी उघड-मीट करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळलेला राहिला, तर खुशाल बोला. त्यानेही रक्त तसंच घट्ट होतं.

रेनिन-अल्डोस्टेरॉनसारख्या (रक्तदाबाशी संबंधित) तपासण्यांत बसायचं की झोपायचं, हे डॉक्टर सांगतील तसंच करा.

ज्यांना सुई बघूनच चक्कर येते, त्यांनी झोपूनच द्यावं. फक्त नोंदीत 'झोपून' लिहायला सांगा, आणि पुढच्या वेळीही झोपूनच द्या, नाहीतर जुना-नवा रिपोर्ट शेजारी ठेवून उपयोग नाही.