बीगलबोन ब्लॅकच्या पीआरयूसाठी फर्मवेअर: एक वेळ पाळेल, दुसरा बोलेल

बीगलबोन ब्लॅक या लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डच्या एएम३३५८ चिपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय दोन पीआरयू, म्हणजे काटेकोर वेळेची कामं करणारे छोटे प्रोसेसर, असतात. दोन्ही २०० मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे साधी सूचना ५ नॅनोसेकंदांत उरकते. प्रत्येकाला प्रोग्रामसाठी ८ केबी, डेटासाठी ८ केबी आणि दोघांत मिळून १२ केबी सामायिक रॅम.

आधी फक्त दिवा लुकलुकवा. पी९ हेडरची २७ नंबरची पिन पीआरयू-० च्या आर३० या आउटपुट रजिस्टरच्या बिट ५ ला जोडलेली आहे. तिला १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एलईडी जोडा आणि पिन ‘पीआरयूआउट’ मोडमध्ये टाका. हा मोड विसरला की फर्मवेअर व्यवस्थित चालतं, दिवा मात्र ढिम्म. नवी फाइल कॉपी केली तरी रिमोटप्रॉकला (पीआरयूत फर्मवेअर चढवणारी लिनक्सची यंत्रणा) ‘स्टॉप’ आणि मग ‘स्टार्ट’ सांगेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. रिमोटप्रॉक-० ला हात लावू नका. तो सहसा चिपमधल्या पॉवर सांभाळणाऱ्या एम३ प्रोसेसरचा असतो.

आता संवाद. लिनक्स आणि पीआरयू यांच्यात निरोप नेणाऱ्या आरपीएमएसजीचे बफर चिपबाहेरच्या डीडीआर मेमरीत असतात, आणि तिथून वाचायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. म्हणून सॅम्पल घेणाऱ्या लूपमधून निरोप पाठवायचा नाही. पीआरयू-० ने फक्त सॅम्पल घ्यावेत, लिनक्सशी पीआरयू-१ ने बोलावं.

पीआरयू-१ च्या सुरुवातीलाच ‘स्टँडबाय इनिट’ बिट शून्य करा, नाहीतर डीडीआरपर्यंत पोचता येत नाही. रिसोर्स टेबल (फर्मवेअरला काय काय लागतं ते लिनक्सला सांगणारी यादी) जोडा आणि लिनक्सचा ड्रायव्हर तयार असल्याचा बिट लागेपर्यंत थांबा. टीआयच्या नमुना कोडमध्ये १८ नंबरचा इव्हेंट (‘निरोप आहे’ अशी सूचना) लिनक्सकडे जातो, १९ नंबरचा तिकडून येतो. आर३१ या इनपुट रजिस्टरचा बिट ३१ एक झाला की आधी इव्हेंट १९ साफ करा, मग रांगेतले सगळे निरोप उपसा. क्रम उलटा केला तर मधल्या क्षणी आलेली सूचना पुसली जाते आणि तो निरोप रांगेत पडून राहतो. हा बग तासन्‌तास दिसत नाही, म्हणूनच जास्त छळतो.

पहिला निरोप लिनक्सकडूनच येऊ द्या. उत्तर कोणत्या पत्त्यावर द्यायचं ते पीआरयूला त्यातूनच कळतं. एका निरोपात ४९६ बाइट मावतात. ‘सुरू कर’, ‘थांब’ यासाठी ते भरपूर झाले, सॅम्पलच्या लोंढ्याला अपुरे.

लोंढा सामायिक रॅममधून न्या. ती पीआरयूला हेक्स १०००० वर दिसते, लिनक्सला ४ए३१०००० वर. २ बाइटच्या ४०९६ सॅम्पलांची रिंग (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी रांग) ८ केबीत बसते. संख्या दोनाच्या घातातलीच घ्या: पीआरयूत भागाकाराचं हार्डवेअर नाही, बाकी काढायला सॉफ्टवेअर राबतं; इथे ४०९५ शी अँड केलं की काम झालं. पुढचा निर्देशांक (कुठवर भरलं) फक्त पीआरयू-० ने लिहायचा, मागचा (कुठवर वाचलं) फक्त वाचणाऱ्याने. आधी सॅम्पल, मग निर्देशांक. दोन्ही निर्देशांक ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतच वाच-लिही असं कंपायलरला बजावणारा शब्द) हवेत, नाहीतर कंपायलर निर्देशांक रजिस्टरमध्येच धरून बसतो आणि वाचणाऱ्याला रिंग कायम रिकामी दिसते.