निरोगी कंट्रोललाही म्युटंट बँड? माझा अनुभव

परळच्या आमच्या लॅबमध्ये बीटा थॅलसेमियासाठी (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक रक्तविकार) एआरएमएस पीसीआर लावतो, म्हणजे जनुकात ठराविक बदल (म्युटेशन) असेल तरच डीएनएच्या त्या तुकड्याच्या प्रती काढणारी चाचणी. भारतात सर्वांत जास्त सापडणारा आयव्हीएस १-५ हा बदल (जी च्या जागी सी) असेल तर जेलवर २८५ बेसपेअर (डीएनएची लांबी मोजायचं एकक) लांबीच्या तुकड्याचा बँड, म्हणजे पट्टा, येतो. ८६१ चा कंट्रोल बँड, म्हणजे पीसीआर नीट चालल्याची खूण, डीएनए असलेल्या प्रत्येक नळीत हवाच. मध्यंतरी निरोगी कंट्रोललाही (हा बदल नसलेल्या माणसाचा नमुना) २८५ दिसू लागला, तोही चांगला ठळक. नुसत्या पाण्याची नळी मात्र स्वच्छ, म्हणजे कंटॅमिनेशन नव्हे. ॲनीलिंगचं (प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा, नमुन्याला चिकटण्याचं) तापमान वाढवलं, डीएनए कमी घातला; ढिम्म फरक नाही.

मग फ्रीझरमधली एन्झाइमची नळी बाहेर काढली. नेहमीचं टॅक पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) संपलं म्हणून डीलरने 'हाय फिडेलिटी', म्हणजे चुका तपासून सुधारणारं प्रूफरीडिंगवालं, पाठवलं होतं, तेही त्याच भावात. केवढे उपकार! घोडं इथंच पेंड खात होतं. या पद्धतीची सगळी मदार प्रायमरच्या ३' टोकाच्या (जिथून प्रत पुढे वाढते) शेवटच्या बेसवर. तो जुळला नाही तर टॅक सहसा पुढे सरकत नाही. प्रूफरीडिंगवालं एन्झाइम मात्र न जुळणारा बेस कापून टाकतं आणि खुशाल पुढे जातं.

साधं टॅक मागवलं, ॲनीलिंग पुन्हा ६५ अंशांवर आणलं, सायकल २५ च ठेवल्या. नकली बँड गायब. अडलेले सगळे नमुने पुन्हा लावले आणि मगच रिपोर्ट सोडले.