नवीन चष्म्याने जमीन हलल्यासारखी वाटते? हे करून बघा

नंबर बदलला की दोन-चार दिवस जमीन हलते, जिन्याची पायरी नेमकी कुठे कळत नाही, आणि आपण चष्मेवाल्याला शिव्या घालायला मोकळे. थांबा जरा. आधी मोबाईल डोळ्यांसमोर धरून भराभर डावीउजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतात. आता मोबाईल स्थिर ठेवा आणि तितक्याच स्पीडने मान हलवा, बऱ्यापैकी वाचता येतं ना? मान हलली की आतल्या कानातून सिग्नल जातो आणि साधारण 10 मिलिसेकंदात डोळे उलट्या बाजूला तेवढेच फिरतात.

"तेवढेच" म्हणजे किती, हीच तर गोम आहे. मायनसच्या काचेतून सगळं लहान दिसतं म्हणून डोळे कमी फिरायला हवेत, प्लसमधून मोठं दिसतं म्हणून जास्त. हिशोब चुकला की चित्र डोळ्याच्या पडद्यावर सरकतं आणि ही चूक सेरेबेलमला, म्हणजे लहान मेंदूला कळते. तिथल्या एकेका पर्किंजे पेशीवर लाखाच्या वर बारीक तंतूंचे जोड असतात पण चूक झाल्याची बातमी आणणारा तंतू एकच, आणि तो ओरडला की त्याच वेळी चालू असलेले जोड ढिले पडतात. जपानच्या मासाओ इतो यांच्या टीमने 1982 मध्ये हे दाखवलं. (काही जोड घट्टही होतात, सगळा खेळ ढिलाईचा नाही.)

जोडांच्या या फेरफारातूनच मेंदू डोळे किती फिरवायचे याचा नवा हिशोब शिकतो. म्हणजे चूक झालीच नाही तर शिकणार काय? म्हणून चष्मा लावून नुसतं सोफ्यावर बसू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एक तारीख पकडा, नजर तिच्यावरच ठेवून मिनिटभर मान डावीउजवीकडे, मग वरखाली. तारीख किंचित हलेल इतकाच स्पीड, पार पुसट झाली तर कमी करा. मग चहा प्या, तासाभराने परत. एकदम अर्धा तास नको, उंदरांवरच्या प्रयोगात मध्ये गॅप ठेवून शिकवलेलंच जास्त टिकलं. जुना चष्मा कपाटात टाका. जिन्यात कठडा धरा, सवय होईपर्यंत गाडी नको, आणि मानेचं दुखणं असेल तर हा उद्योगच करू नका.

दोन आठवड्यांत नाही जमलं किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर मेंदूला दोष देऊ नका, चष्मा तपासून घ्या. माझ्या चष्म्याचं सेंटरिंगच (काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर येणं) चुकलं होतं आणि मी आठवडाभर कॅलेंडरसमोर नंदीबैलासारखी मान हलवत बसलेलो.