कॅसेट कुठे थांबली होती?

१९८८ ते २००९ अशी एकवीस वर्षं मी मिरजेत व्हिडिओ लायब्ररी चालवली. दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना फळ्या, काउंटरवर लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. संध्याकाळी सहा ते नऊ गर्दीची वेळ, आणि आलेल्यांपैकी बहुतेकांचं वाक्य एकच: "काहीतरी चांगला द्या." सुरुवातीला मी खरोखरच चांगला द्यायचो. म्हणजे मला चांगला वाटलेला. त्या पायी बरीच गिऱ्हाइकं तुटली.

आता गाळा गेला, पण तोच प्रश्न घरात येऊन बसलाय. शनिवारी मुलगा, सून आणि नात पुण्याहून येतात. जेवणं आटपून सगळे टीव्हीसमोर बसतात, रिमोट या हातातून त्या हातात, पोस्टरं वर-खाली, ट्रेलरचे तुकडे वाजतात आणि पाऊण तासानं कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, झोपू या." दुकानात कुणी पाऊण तास लावला असता तर मी शटर अर्धं ओढलं असतं. त्यामुळे काउंटरमागे उभं राहून जे शिकलो ते घरात लावलं, आणि ते बरंच चाललंय.

सगळ्यात आधी, टीव्ही चालू करून पिक्चर निवडायचा नाही. भुकेल्या पोटी बाजारात गेल्यासारखं होतं ते. नावं आधीच जमवून ठेवायची. आमच्या फ्रिजला दोऱ्यानं एक चाळीस पानी वही टांगलीय. कानावर नाव पडलं की त्यात उतरवायचं, आणि शेजारी कुणी सांगितलं तेही लिहायचं. हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. सहा महिन्यांत कळतं की कोणाचं ऐकायचं. माझा एक साडू आहे, त्यानं डोक्यावर घेतलेला पिक्चर मला हमखास रटाळ वाटतो. असा माणूस सोडू नये. त्यानं "अगदीच भिकार" म्हटलं की मी त्या नावापुढे फुली नाही, चांदणी काढतो.

आता कोणता लावायचा. "तुम्हाला कसा आवडतो?" असं मी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही, कारण त्याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. मी विचारायचो, "कोण कोण बसणार?" आणि "उद्या किती वाजता उठायचंय?" या दोन उत्तरांत तीन भिंतींपैकी दोन भिंती बाद व्हायच्या. सकाळची पाचची एस्टी असलेल्या माणसाला तीन तासांचा पिक्चर देणं म्हणजे त्याला दोन रात्रींचं भाडं लावणं. सासूबाई बसणार असतील तर एक फळी गेली, लहान पोरं असतील तर दुसरी. उरलेल्या फळीवर मी हात ठेवायचो आणि म्हणायचो, "यातला कुठलाही न्या." माणसं खूश व्हायची. निवड त्यांनीच केलेली असायची ना.

तिसरा प्रश्न मला २००४ साली कळला, तोही ठेच लागून. 'श्वास' आला होता. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, मग ऑस्करला भारताकडून गेला, गावभर त्याचंच नाव. व्हीसीडी आली तेव्हा येईल त्याच्या हातात मी तीच देत होतो. एका संध्याकाळी ओळखीतले एक गृहस्थ आले. म्हणाले, घरी कोकणातले पाहुणे आहेत, काहीतरी मराठी द्या. मी 'श्वास' दिला. अर्ध्या तासात ते परत. पाहुण्यांच्या नातवाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, डोळ्याचं. मिरज दवाखान्यांचं गाव, लोक लांबून इथे येतात ते कशासाठी येतात हे मला कळायला हवं होतं. आणि पिक्चरमध्ये तर आजोबा नातवाला डोळ्याच्या कॅन्सरसाठी पुण्यात घेऊन येतात. गृहस्थ रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "दुसरा द्या, हसायचा." 'अशी ही बनवाबनवी' दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी विचारायला लागलो, "घरात सध्या काय चाललंय?" थोडं आगाऊ वाटायचं, पण लोक सांगायचे. आता घरातही रिमोट हातात घेण्याआधी हे मनातल्या मनात विचारतो. सुनेच्या ऑफिसात माणसं काढताहेत, तर त्या आठवड्यात नोकरी गेलेल्या नायकाची गोष्ट नको. पिक्चर उत्तम असेल, पण तो पुढच्या महिन्यातही उत्तमच राहणार आहे.

आवड ओळखायची खरी युक्ती मात्र कॅसेटनं शिकवली. व्हीएचएसच्या कॅसेटला पुढून पारदर्शक अशा दोन खिडक्या असायच्या. टेप डावीकडच्या चक्रीवरून उजवीकडच्या चक्रीवर जायची. पूर्ण पाहिली की उजवी चक्री जाड, डावी रिकामी. "रिवाइंड करून आणा" अशी पाटी लावूनही निम्मे लोक तशीच परत करायचे. त्यावर मी रुपया दंड ठेवला होता, पण खरं सांगू, मला ते हवंच असायचं. कॅसेट हातात घेऊन बोलता बोलता खिडकीकडे बघायचो. "कसा होता?" "मस्त होता, एकदम मस्त!" आणि डावी चक्री अजून गरगरीत. म्हणजे पाऊण तासात बंद केलेला. खोटं कुणी मुद्दाम बोलत नव्हतं. पुरस्कारवाला पिक्चर आवडला नाही म्हणायची लाज वाटते माणसाला. मी रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं लिहायचो: 'पाव', 'अर्धा', 'पूर्ण'. चार-पाच नोंदी झाल्या की त्या घराची आवड मला त्या घरापेक्षा जास्त माहीत असायची. नेहमी इंग्रजी मारधाड मागणारे एक शिक्षक होते. त्यांचे मारधाडीचे सगळे 'अर्धा', आणि बायकोसाठी म्हणून नेलेले हृषिकेश मुखर्जींचे सगळे 'पूर्ण'. एकदा मी न विचारता तशातलाच एक हातात ठेवला. पुढे ते मारधाड मागायचे बंद झाले.

तुमच्या टीव्हीतही ती खिडकी आहे. अर्धवट राहिलेल्या पिक्चरांची एक ओळ असते, प्रत्येक चित्राखाली लाल रेघ. एखाद्या रविवारी ती ओळ नीट बघा. कुठे कुठे सोडलंय? आमच्या घरी बघितलं तर अकरा नावं अर्धवट, त्यातली आठ खुनाच्या तपासाची. आम्ही स्वतःला 'थ्रिलरवाले' समजत होतो. ओळ वाचून झाली की ती साफ करा. बहुतेक ठिकाणी नाव काढून टाकायची सोय असते, आणि ती अर्धवट ओळ रोज डोळ्यांसमोर राहिली की उगाच गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. दुसरं, प्रत्येकाचं खातं वेगळं करा. नात माझ्या खात्यावर कार्टून बघायची, तेव्हा मला महिनाभर बोलणारी अस्वलंच सुचवली जात होती.

पोस्टरवर जाऊ नका. कॅसेटच्या कव्हरवरसुद्धा हिरो बंदूक घेऊन उभा असायचा आणि आत अडीच तास तो गाणी म्हणायचा. आता तर त्याहून पुढची गंमत आहे. नेटफ्लिक्स एकाच पिक्चरचं चित्र माणूस बघून बदलतं. माझ्या खात्यात म्हातारा नट दिसतो, मुलाच्या खात्यात त्याच पिक्चरवर गाडी उडताना दिसते. 'टॉप १०' ची ओळ म्हणजे किती बघितला गेला त्याचा हिशेब, कितींना आवडला त्याचा नव्हे. आपोआप वाजणारे ट्रेलर तर पहिल्यांदा बंद करा. नेटफ्लिक्सवर खात्याच्या सेटिंगमध्ये त्याचं बटण असतं, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो त्याचंही. ही दोन बटणं बंद केल्यावर आमच्या घरात निम्मी शांतता झाली.

आयएमडीबीचा आकडाही नुसता बघून चालत नाही. त्या आकड्यावर दाबलं की दहापैकी दहा किती जणांनी दिले, एक किती जणांनी दिला, असा पट्टा उघडतो. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये शुकशुकाट असेल तर तिथे पिक्चरपेक्षा भांडणच जास्त चाललंय असं समजा. सहा-सात देणाऱ्यांची मतं वाचावीत. ते काय आवडलं आणि कुठे कंटाळा आला, दोन्ही सांगतात.

मालिका घेताना गुणाकार करा. आठ भाग, प्रत्येकी पन्नास मिनिटं, म्हणजे चारशे मिनिटं. झाले जवळपास पावणेसात तास. सरळ तीन पिक्चर बसले असते त्यात. आणि 'सीझन पहिला' लिहिलंय म्हणजे शेवट मिळेलच याची खात्री नाही. मी मालिका दोनच प्रकारच्या घेतो. एकाच सीझनमध्ये संपणाऱ्या, नाहीतर जिथे प्रत्येक भागाची गोष्ट त्या भागात पुरी होते अशा. नातीसाठी शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेलं 'मालगुडी डेज' लावलं. भाग छोटे, जेवायच्या आधी एक होतो. जुन्या दूरदर्शन मालिका हव्या असतील तर प्रसार भारतीचं 'वेव्हज' नावाचं अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यात हिंडून बघा.

मुलं असतील तर वयोगट बघायचाच. थिएटरातल्या पिक्चरला सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट असतं, ओटीटीवरच्या मालिकांना मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे ती ती कंपनीच वर्ग देते: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात कारण असतं: हिंसा, शिव्या, नशा वगैरे. आकड्यापेक्षा ते कारण वाचा. १३+ आणि त्याच्या वरच्यांना कुलूप लावायची सोय त्यांना द्यावीच लागते, तेव्हा पिन टाकून ठेवा आणि तो मुलीचा वाढदिवस नसावा.

पण वयोगट मुलांपुरता झाला. सासऱ्यांशेजारी बसलेल्या सुनेला अवघडेल का, हे कुठलंच सर्टिफिकेट सांगत नाही. त्यासाठी मी दुकानातली जुनी पद्धत वापरतो. नवीन माल आला की मी कॅसेट पुढे पळवत चार-पाच ठिकाणी थांबून दोन-दोन मिनिटं बघायचो. आता दुपारी सगळे झोपले की आवाज बारीक करून तसंच करतो. विसाव्या मिनिटाला, तासाला, मग शेवटाच्या थोडं अलीकडे. शेवट बघत नाही. दहा मिनिटांत कळतं की हा सगळ्यांबरोबर, की आम्हा दोघांचा, की मुलानं एकट्यानं रात्री बघायचा.

भाषेचं आधी बघून ठेवा. मल्याळम पिक्चर मला फार आवडतात, पण आमच्या हिला सबटायटल वाचता वाचता मेथी निवडता येत नाही. तिच्या हातात काम असेल तेव्हा मराठी किंवा हिंदी, हात रिकामे असतील तेव्हा बाहेरचं. डब केलेलं असेल तर पाच मिनिटं ऐकून ठरवा. आवाज ओठांआधी पळत असेल तर सोडा.

कुठला पिक्चर कुठल्या अ‍ॅपवर आहे ते 'जस्टवॉच'वर नाव टाकलं की दिसतं. सगळी अ‍ॅप्स एकदम घ्यायची काहीच गरज नाही. वहीत ज्याची नावं जास्त साठलीत ते एक महिना घ्यायचं, नावं संपवायची, बंद करायचं. आणि एखादाच पिक्चर हवा असेल तर यूट्यूबवर भाड्यानंही मिळतो. पैसे भरल्यावर सुरू करायला तीस दिवस, सुरू केल्यावर संपवायला बहुतेक अठ्ठेचाळीस तास. हे वाचून मला माझाच धंदा आठवला. फक्त पावसाळ्यात टेपला बुरशी येत नाही आणि रात्री साडेदहाला कुणी दार वाजवून "व्हीसीआर अडकला" म्हणत नाही.

आता शनिवारचं सांगतो. वहीतली फक्त तीन नावं मी दुपारीच काढून ठेवतो. एक छोटा असतोच, दीड तासाच्या आसपासचा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची गोष्ट सांगणारा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' असाच, नातीसकट सगळ्यांना चालला, आणि "मग ते बाईचं काम पुरुषानं का केलं?" यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहापर्यंत चर्चा. तीन नावं जेवताना सांगायची. प्रत्येकाला एक नकार, कारण द्यायची सक्ती नाही. हात धुवेपर्यंत एक नाव उरतं, नाही उरलं तर माझं मत. लावल्यावर वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. विसाव्या मिनिटाला मी "पुढे?" विचारतो. दोघे नको म्हणाले की बंद, वहीत 'पाव' लिहायचं आणि दुसरा लावायचा. त्यात पिक्चरचा अपमान वगैरे काही नसतो.

गेल्या शनिवारी नातीनं तिचा नकार माझ्याच नावावर वापरला. सक्ती नसताना कारणही सांगितलं: "आजोबा, तुमच्या पिक्चरमध्ये सगळे खिडकीतून बाहेर बघत बसतात." तेही लिहून ठेवलंय, तिसऱ्या रकान्यात.