पायरीपासून संडासापर्यंत: कोल्हापुरातले दुकान, हॉटेल, कार्यालय दिव्यांगांना खुले करताना

महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत कुठल्याही दुकानासमोर उभे राहून खाली पाहा. आधी गटारावरची डगमगती फरशी, मग सहा-सात इंचांची पायरी, मग शटरची पट्टी. चालणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, पण व्हीलचेअर तिथेच थांबते. बहुतेक जण पायरीवर सिमेंटचा उतार ओढून घेतात आणि काम झाले म्हणतात. रस्त्यापासून काउंटरपर्यंत आणि काउंटरपासून संडासापर्यंत एक जागा जरी अडली, तरी आधीचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी हा पूर्ण रस्ता टेपने मोजा. सोबत एक व्हीलचेअर वापरणारी आणि एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती असू द्या, आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्या. नकाशात न दिसणाऱ्या चार गोष्टी ते दहा मिनिटांत दाखवतील.

रॅम्प

नियम सोपा आहे: एक इंच चढाला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट, तीन पायऱ्यांच्या दीड फुटाला अठरा फूट. जागा असेल तर एकास वीसपर्यंत जा, हाताला फार बरे पडते. केलेला रॅम्प तपासायचा तर मोबाईलमधले लेव्हलचे ॲप उतारावर ठेवा. 4.8 अंशांच्या आत असेल तर एकास बारा जमले. दुचाकी आत घेण्यासाठी केलेले उतार सहज दहा अंशांच्या वर जातात. त्यावर माणूस एकटा चढू लागला की खुर्ची मागे कलंडते आणि डोके आधी आपटते. असा रॅम्प नसलेला बरा.

सहा इंच उंच, सहा फूट लांब, चार फूट रुंद रॅम्पला सहा घनफूट काँक्रीट बसते. 1:1.5:3 मिश्रणाला दीड पोते सिमेंट, अडीच घनफूट वाळू आणि पाच घनफूट 20 मिमी खडी लागते. दोन पोती आणून ठेवा, कारण पायथ्याला जास्तीचा माल जातो. हा पायथाच सगळ्यात आधी फुटतो. गवंडी उतार रस्त्याशी शून्याला मिळवून देतो आणि ती पातळ कड पहिल्याच पावसाळ्यात उडते. मग तिथे दीड-दोन इंचांचा उंबरा तयार होतो आणि पुढची छोटी चाके त्यात अडतात. त्यासाठी पायथ्याशी रस्ता चार इंच खोल खोदून खाच घ्या आणि काँक्रीट त्यात उतरवा. वर गिलाव्याची घोटाई नको, ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेषा ओढा. सात दिवस बारदान टाकून पाणी मारा. वर ग्रॅनाइट बसवायचा मोह आवरा. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर जुलैच्या झडीत कुबडीचे रबरसुद्धा टिकत नाही.

वर दारासमोर 1.5 बाय 1.5 मीटर सपाट जागा हवीच. ती नसली तर माणूस एका हाताने दार ओढतो, दुसऱ्या हाताने चाक धरतो आणि खुर्ची मागे घसरत राहते. उघड्या बाजूंना 75 मिमी उंच कड काढा, म्हणजे चाक खाली जाणार नाही. चढ सहा इंचांहून जास्त असेल तर दोन्ही बाजूंना 700 आणि 900 मिमी उंचीवर कठड्याचे दोन पाईप लावा आणि ते रॅम्पच्या पुढे-मागे 300 मिमी वाढवा. उद्यमनगरात फॅब्रिकेटरला नुसते ‘दीड इंची पाईप’ म्हणू नका. स्टेनलेस स्टीलचा दीड इंची म्हणजे बाहेरून 38 मिमी, तो मुठीत बसतो. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) दीड इंची मात्र बाहेरून 48 मिमी भरतो, म्हाताऱ्या हाताला तो पकडता येत नाही. जीआयच घ्यायचा तर सव्वा इंची घ्या. भिंत आणि पाईप यांच्यात 50 मिमी मोकळे ठेवा, नाहीतर बोटे सोलतात.

गटारावरच्या जाळीच्या फटी 12 मिमीपेक्षा रुंद नकोत आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या पट्ट्यांत चाकही अडकते, काठीचे टोकही.

जागाच नसेल तर? गुजरीसारख्या अरुंद गल्लीत सहा फूट पुढे येणे म्हणजे रस्त्यावर अतिक्रमण. तिथे उतार दुकानाच्या आत घ्या: दारातली फरशी खाली उतरवून आत चढ द्या. तेही जमत नसेल तर चेकर्ड प्लेटचा (उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याचा) घडीचा रॅम्प दाराशीच ठेवा आणि बाहेर बसल्या हाताला पोहोचेल अशी बेल लावा. हा उतार तीव्र असतो, म्हणून मागे धरायला शिकवलेला माणूस हवाच. हा दुय्यम उपाय आहे, कारण त्यात दुसऱ्याची वाट बघावी लागते. पंचगंगेच्या पुराच्या धास्तीने ज्यांनी जोते अडीच फूट उचलले आहे, त्यांना तीस फूट रॅम्प लागेल. मध्ये सपाट टप्पा देऊन तो वळवून घ्या, किंवा बाजूचे कमी उंचीचे दार मुख्य करा आणि तसा फलक रस्त्याकडे लावा.

रॅम्प झाला की पायथ्याशी मोटारसायकली लागतात. पिवळे पट्टे आखा, खांब उभारा, पण दोन खांबांत तीन फूट तरी मोकळे सोडा.

दार

‘तीन फुटी चौकट’ म्हणजे तीन फूट वाट नव्हे. चौकटीच्या दोन उभ्या बाजू आणि उघड्या दाराची जाडी वजा केली की 750 मिमीच्या आसपास उरते. हवी असते मोकळी 900 मिमी, म्हणजे साडेतीन फुटी चौकट सांगायची. संडासाला सर्रास अडीच फुटी चौकट बसवतात. त्यातून 60-65 सेंटिमीटर रुंद खुर्ची जातच नाही. उंबरा 12 मिमीच्या आत आणि कडा तासलेल्या ठेवा. गोल नॉब काढून लांब हँडल बसवा. काचेच्या दाराला साधारण 1 आणि 1.5 मीटर उंचीवर गडद पट्ट्या चिकटवा.

संडास

खरी परीक्षा इथे आहे, कारण पाणी न पिता घरून निघणारी माणसे आपल्या शहरात रोज दिसतात. 2 बाय 2.2 मीटरची खोली घ्या. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत उघडणारे दार आत पडलेल्या माणसालाच अडते आणि मदतीला कोणी जाऊ शकत नाही. कमोड वेस्टर्न, बैठकीची उंची 450 ते 480 मिमी, एका बाजूला 900 मिमी मोकळी जागा. खुर्ची तिथे लावून माणूस सरकतो. बादली, झाडू, डस्टबिन तिथे ठेवले की संडास बंदच झाला म्हणायचे. भिंतीकडे पक्का आणि मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा दांडा, दोन्ही बैठकीच्या वर 200 मिमी. हेल्थ फॉसेट (धुण्याचा हातफवारा) बसल्या जागी हाताला यावा, पाठीमागे नको. बेसिन 750 ते 800 मिमीवर, खाली कपाट नको. आपत्कालीन दोरी जमिनीपासून 300 मिमीवर यावी, म्हणजे पडलेल्यालाही ओढता येईल.

दांडा भिंतीत कसा धरला आहे ते स्वतः बघा. चार इंची विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर काही महिन्यांत सैल होतो, कारण माणूस पूर्ण वजन टाकतो. भिंतीतून आरपार बोल्ट घ्या आणि मागून लोखंडी पट्टी लावा. मग धडधाकट माणसाला त्यावर लोंबकळायला सांगा. हलला तर पुन्हा करा. आणि हा संडास कुलूप लावून खोकी ठेवायची जागा होऊ देऊ नका.

न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या ग्राहकांसाठी

पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या पिवळ्या 300 मिमी फरशांत ठिपके म्हणजे ‘थांब’, रेषा म्हणजे ‘चल’. ठिपके पहिल्या पायरीच्या 300 मिमी आधी येतात. शोभेसाठी कुठेही बसवल्या तर माणूस खांबावर जाऊन आपटतो. काळ्या दगडाच्या पायऱ्या एकात एक मिसळून दिसतात, प्रत्येकीच्या कडेला 50 मिमी पिवळी पट्टी द्या. बोर्ड, एसीचे युनिट, छपराची कड 2.1 मीटरच्या खाली नको, काठीला ते कळत नाही. टोकन नंबर पुकारत असाल तर पडद्यावरही दाखवा. काउंटरचा 900 मिमी भाग 750 ते 800 मिमी उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा करा.

कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि तो खासगी दुकान-हॉटेलांनाही लागतो. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला मिळू नये, असे त्यात स्पष्ट आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत, नंतर 50,000 ते 5 लाखांपर्यंत दंड. वरची मापे सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांना धरून आहेत. सार्वजनिक इमारतीत सोय नसेल तर आधी त्या कार्यालयाला फोटो आणि मापांसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर आले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जा. अर्जात ‘रॅम्प नीट नाही’ असे लिहू नका. ‘चढ 18 इंच, लांबी 7 फूट, हवी 18 फूट’ असे लिहा.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. सुरुवातीला सोबत घेतलेल्या व्यक्तींना पुन्हा बोलवा, शक्यतो पाऊस पडत असताना, आणि रिक्षातून उतरल्यापासून संडासाची कडी लावून परत रस्त्यावर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असे ठरवा. जिथे मदत मागावी लागली, ती जागा दुरुस्त झाली की हप्ता द्या.