विमानातील वायरिंगची तपासणी: आगीआधी काय पाहावे

बॅटरी आणि बाहेरचा वीजपुरवठा तोडा, संबंधित सर्किट ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारे बटण) ओढून त्यावर टॅग लावा, मगच पॅनेल उघडा. आधी टॉर्च आणि आरशाने नुसते पाहून घ्या. जुने इन्सुलेशन उगाच वाकवले की तडकते.

सर्वाधिक वेळ क्लॅम्पपाशी (वायर जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांपाशी) द्या. क्लॅम्पचे रबर झिजले की धातूची कड कंपनाने इन्सुलेशन कापत जाते. दोन क्लॅम्पमधली वायर हाताने हलके दाबल्यावर साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ पडू नये. इंधनाच्या नळीला टेकलेली वायर दिसली, तर ती दूर बांधून नीट केल्याशिवाय विमान उडू देऊ नका.

ड्रिलिंगनंतर राहिलेला धातूचा कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेचा झोत मारलात तर तो आणखी आत शिरतो. धूळ आणि तंतूंचे थरही काढा, ठिणगी तिथेच पेट घेते.

टर्मिनल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) काळवंडले असेल, तर बहुधा सांधा सैल होऊन तापला आहे. नुसता नट आवळून भागत नाही. टर्मिनल बदला, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे द्या.

आपोआप पडलेला (ट्रिप झालेला) ब्रेकर कारण सापडेपर्यंत पुन्हा दाबू नका. आणि ब्रेकर पडला नाही म्हणून निर्धास्तही राहू नका: अधूनमधून होणारे बारीक आर्किंग (वायरमधून ठिणग्या उडणे) साध्या थर्मल, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या, ब्रेकरला अनेकदा कळतच नाही.