एसटीचे प्रवासी मोजायचेत? स्टँडवर उभं राहायची गरज नाही

सगळ्यात आधी राज्याची आर्थिक पाहणी उघडा, दरवर्षी बजेटच्या आधी येते, पीडीएफ फुकट मिळते, त्यातल्या परिवहनाच्या भागात एसटीचे रोजचे सरासरी प्रवासी दिलेले असतात. एकाच वर्षाचा आकडा घेऊन बसू नका, निदान दहा वर्षांचे एक्सेलमध्ये टाका आणि शेजारच्या कॉलममध्ये त्या वर्षी काय घडलं ते लिहाच, म्हणजे 2020 चा लॉकडाऊन, ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेला संप, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. हा कॉलम नसेल तर ग्राफ बघून भलताच निष्कर्ष निघतो, संपातली घट बघून लोकांना एसटी नको झाली असं वाटेल, पण तेव्हा गाड्याच डेपोत उभ्या होत्या हो!

अजून एक, प्रवासी म्हणजे माणूस नव्हे. वाईला गाडी बदलून महाबळेश्वरला जाणाऱ्या मावशी दोन तिकिटं काढतात, म्हणजे दोनदा मोजल्या जातात. त्यामुळे तळटीपा आधी वाचा, आकडे नंतर. कामाला कोण कशाने जातं हे 2011 च्या जनगणनेतही आहे, जुनं असलं तरी तुलनेला लई कामाचं.